तीन इंच

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी, हंट्सव्हिल शहरातल्या एका सार्वजनिक उद्यानात, भरल्या हिरवळीवर माझ्या आईच्या खुर्चीची पाठ टेपने मोजण्यात आली आणि ती तीन इंचांनी जास्त भरल्यामुळे आम्हा मायलेकांना उठवून पार मागे, तात्पुरत्या स्वच्छतागृहांच्या रांगेलगत बसवण्यात आले. उद्यानाचे आणि कार्यक्रमाचे नाव मी सांगणार नाही, कारण पुढच्या आठवड्यात आम्हाला पुन्हा तिथेच जायचे आहे आणि मला तिथे भांडण नको आहे, जागा हवी आहे.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या उत्तर टोकाला असलेले हे शहर काही महानगर नव्हे. 2020च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 2,15,000च्या आसपास भरली. पण उन्हाळा लागला की इथल्या नागरिकांच्या अंगात संस्कृती येते. पारा 35 अंशांवर गेलेला असतो, गाडीच्या एसीतून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते, आणि नेमक्या याच दिवसांत प्रत्येकाला उघड्यावर बसून जॅझ ऐकावेसे वाटते. लो मिल नावाची एक जुनी कापडगिरणी आहे, तिथे पुढे बूट तयार होत असत आणि आता चित्रकार, कुंभार, वाद्ये घडवणारे असे शेकडो कलावंत बसतात. माल चढवण्याच्या तिथल्या जुन्या धक्क्यावर गाणी होतात. पश्चिमेला सव्वा तासावर फ्लॉरेन्स हे गाव आहे. ब्लूज संगीत कागदावर उतरवून जगभर नेणारे डब्ल्यू. सी. हँडी 1873 साली तिथे जन्मले आणि त्यांच्या नावाचा महोत्सव तिथे दर उन्हाळ्यात भरतो. शिवाय 2022 साली उघडलेले, 8,000 माणसे मावणारे ओरायन नावाचे खुले प्रेक्षागृह आहेच. तिथे तिकीट काढले की खुर्ची त्यांची, खुर्चीची पाठ त्यांची आणि त्या पाठीची जबाबदारीही त्यांचीच. फुकटच्या कार्यक्रमांना मात्र खुर्ची आपली आपण न्यायची असते, आणि माझ्या दुःखाचे मूळ तिथेच आहे.

आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली आहे. तिच्या मणक्यातली एक गादी सरकलेली असल्यामुळे तिला पाठीला भक्कम आधार लागतो, म्हणून मी तिच्यासाठी मुद्दाम उंच पाठीची, मानेपर्यंत टेकता येईल अशी घडीची खुर्ची आणली. आम्ही कार्यक्रमाच्या पुष्कळ आधी पोहोचलो. तरीही पुढच्या साऱ्या हिरवळीवर गोधड्या आणि सतरंज्या पसरलेल्या होत्या आणि त्यांच्यावर कोणीही नव्हते. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात हे खरे, पण रुमाल टाकणारा माणूस निदान त्याच क्षणी दारातल्या रेटारेटीत घाम गाळत असतो. इथे दुपारी तीनला येऊन गोधडी अंथरायची, चारी कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, घरी जाऊन झोप काढायची, आंघोळ करायची आणि पहिला सूर लागता लागता ताजेतवाने होऊन परतायचे, अशी पद्धत आहे. आईने वाकून एका गोधडीचा कोपरा बोटांत धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "मशीनचे टाके आहेत रे." याच राज्याच्या दक्षिणेकडे जीज् बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी हाताने शिवलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या आणि 2006 साली टपालाच्या तिकिटांवरही आल्या, हे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली की त्या बायकांनी आपली गोधडी अशी राखणीला उघड्यावर टाकली नसती.

दोन गोधड्यांच्या मधे एक फट सापडली. तिथे मी खुर्ची उघडली, आईला बसवले, पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि स्वतः गवतावर बसणार तेवढ्यात ते गृहस्थ आले.

वय पंचाहत्तरीच्या पुढचे असावे. डोक्यावर गवताची रुंद काठाची टोपी, पायांत पांढरे मोजे पोटरीपर्यंत ओढलेले, आणि चेहऱ्यावर अमेरिकेच्या दक्षिणेत जन्मलेल्या माणसालाच जमते ती अघळपघळ आपुलकी. त्यांनी आधी संध्याकाळची स्तुती केली, मग आईला "मॅम" म्हणून वाकून अभिवादन केले, आम्ही कुठले, किती वर्षे इथे, हवा मानवते का, हे सगळे विचारले. त्यानंतर त्यांनी खुर्चीकडे मोर्चा वळवला. इतकी उत्तम खुर्ची आपण बऱ्याच दिवसांत पाहिली नाही, असे म्हणून त्यांनी तिचे सांधे हलवून पाहिले, कापडाची वीण तपासली आणि बोलता बोलता अर्ध्या विजारीच्या खिशातून पोलादी टेप बाहेर काढला.

"आपली हरकत नसेल तर," ते म्हणाले.

"हा शिंपी आहे का?" आईने मला विचारले.

जमिनीला उतार असल्यामुळे त्यांनी माप दोनदा घेतले, एकदा पुढच्या पायाकडून आणि एकदा मागच्या, आणि सरासरी काढून अत्यंत खेदाने जाहीर केले की पाठ 35 इंच भरते. प्रवेशद्वारावरच्या फलकानुसार पुढच्या भागात 32 इंचांपर्यंतच परवानगी आहे. मी इकडेतिकडे पाहिले. माझा समज होता की हे आयोजकांचे कोणी असतील, पण त्यांच्या गळ्यात ना ओळखपत्र होते ना अंगात स्वयंसेवकांचा बनियन. ते आमच्यासारखेच एक प्रेक्षक होते. खरी स्वयंसेविका, कॉलेजातली एक घामाघूम मुलगी, जवळ आली तेव्हा मी आशेने तिच्याकडे पाहिले, तिने गृहस्थांकडे पाहिले आणि म्हणाली, "हे दर वर्षी येतात." जणू हे एक कलम होते.

मी वाद घातला. मी म्हणालो की माझी आई चार फूट दहा इंच उंच आहे, ती बसली की तिचे डोके खुर्चीच्या पाठीच्या जेमतेम वर येते, आणि तिच्याऐवजी एखादा सहाफुट्या बुटक्या खुर्चीत बसला तर त्याचे डोके याहून कितीतरी वर जाईल. गृहस्थांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की माणसाचे डोके हलते, विनंती केल्यास ते बाजूला घेता येते, खुर्चीला मात्र विनंती करता येत नाही.

"आणि तुमची टोपी?" मी विचारले. टोपीचा शेंडा आमच्या खुर्चीच्या वर वीतभर होता.

"टोपी काढता येते."

"मग काढा."

"ऊन आहे," ते म्हणाले.

एवढ्यावर भागले नाही. माझी खात्री पटलेली दिसत नाही म्हणून त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे आकृती काढली. रंगमंचाची उंची, हिरवळीचा उतार, मागच्या प्रत्येक रांगेतल्या डोळ्यांची पातळी, आणि आमच्या खुर्चीच्या शेंड्याला घासून जाणारी एक तिरपी रेषा. त्या रेषेवरून असे सिद्ध होत होते की आमच्या मागे चौथ्या रांगेत बसलेल्या बाईंना पियानो वाजवणाऱ्याचे हात दिसणार नाहीत. मी मान वळवून पाहिले. चौथ्या रांगेत बाई नव्हत्या. चौथ्या रांगेत एक गोधडी होती.

"येतील," ते म्हणाले.

तेव्हा बोलण्यातून कळले की हे नासाच्या इथल्या मार्शल केंद्रात नोकरीला होते आणि स्पेस शटलच्या त्या अवाढव्य नारिंगी इंधनटाकीवर त्यांनी आयुष्य घालवले. या शहरात उन्हाळ्यात कुठेही उघड्यावर बसा, दर पाचवा म्हातारा रॉकेटवाला निघतो. चंद्रावर माणूस नेणारे सॅटर्न पाच हे रॉकेट याच गावात आखले गेले. त्याची 363 फूट उंच उभी प्रतिकृती आजही हमरस्त्यावरून दिसते आणि तिच्यामुळे कोणाचा पियानो झाकला जातो, अशी तक्रार मी अद्याप ऐकलेली नाही. 363 फुटांचे कौतुक करणाऱ्या गावाला एका म्हातारीचे तीन इंच सोसवेनात, हे मी त्यांना बोलूनही दाखवले. ते मनापासून हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि खुर्चीची घडी घालायला मला मदत करू लागले. भांडायला तयार नसलेल्या माणसाशी भांडण्याइतका मनस्ताप दुसरा नाही.

मागे बसल्यावर मात्र माझे हसू आटले, आणि ते अजूनही परतलेले नाही. कार्यक्रम "सर्वांसाठी विनामूल्य" असतो, पण तीन वाजता गोधडी अंथरायला कोण मोकळा असतो, तर निवृत्त माणूस किंवा ज्याच्या घरी कोणीतरी मोकळे आहे तो. पाच वाजता कामावरून सुटणारा, दुकानात पाळी संपवून येणारा, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना गाडीत कोंबून पार्किंग शोधत फिरणारा, हा सगळा समाज मागच्या कुंपणाशी गोळा होतो. त्या संध्याकाळी आमच्या आसपास एक मेक्सिकन कुटुंब होते, चाकांच्या खुर्चीतले एक आजोबा होते, आणि हैदराबादचे एक जोडपे होते. गावात देशोदेशींच्या संस्कृतीचा मेळावा भरतो तेव्हा हेच आयोजक आम्हाला फोन करकरून बोलावतात, समोसे आणायला सांगतात, आमच्या मुलींना लेझीम घेऊन थेट मंचावर नाचवतात आणि आमच्याशिवाय शहर कसे अपुरे आहे ते ध्वनिक्षेपकावरून सांगतात. साध्या आठवड्याच्या साध्या संध्याकाळी, जेव्हा आम्हाला नाचायचे नसते, नुसते बसून ऐकायचे असते, तेव्हा शहर आमच्याशिवाय व्यवस्थित पुरते. माझ्या कानावर पियानोपेक्षा स्वच्छतागृहाच्या प्लॅस्टिकच्या दाराचा खटकाच जास्त पडत होता आणि प्रत्येक खटक्यानंतर येणाऱ्या वासाचे वर्णन मी आईसमोरही केले नाही.

तिसरे गाणे सुरू झाले आणि ढग गडगडले. इथला नियम असा की वीज कडाडली की वाद्ये बंद, माणसे आडोशाला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पुरती 30 मिनिटे शांततेत गेल्याशिवाय पुन्हा सुरुवात नाही. मधेच पुन्हा गडगडले तर मोजणी पहिल्यापासून. नियम शहाणपणाचा आहे, कबूल. पण जूनमधल्या अलाबामाच्या आकाशाला तो कोणी कळवलेला नाही. सगळे जण शेजारच्या बहुमजली पार्किंगमध्ये शिरलो आणि तिथे प्रथमच पुढचे आणि मागचे एका पातळीवर उभे राहिले.

अर्थात ते गृहस्थही तिथे होते, आणि खुशीत होते. लकाकले की ते मोठ्याने सेकंद मोजत, आवाज आला की पाचने भागत आणि वीज किती मैलांवर पडली ते सर्वांना सांगत. मधल्या वेळात त्यांनी पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढून आईपुढे धरल्या. दक्षिणेत या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवून ओल्याच खातात. आईने एक शेंग दाताने फोडली, आतले पाणी चोखले आणि निकाल दिला, "शेंग चांगली आहे, पण ह्याला सांग, मीठ निम्मं कर." मी भाषांतर केले. त्यांनी ते वहीत टिपून ठेवावे इतक्या गांभीर्याने ऐकले.

मग आईने, माझा राग ठाऊक असूनही, त्यांना मिस बेकरची हकिकत सांगायला लावली. 1959 साली अंतराळात जाऊन जिवंत परतलेली ही खारीएवढी माकडीण 1984 साली वारली; तिची समाधी इथल्या अंतराळ संग्रहालयाच्या दाराशी आहे आणि येणारेजाणारे तिच्यावर केळी ठेवतात. आईने गेल्या महिन्यात तिथे केळे ठेवून, चपला काढून, हात जोडले होते, कारण माकड म्हटल्यावर तिला शनिवारच आठवतो. हे ऐकून गृहस्थांनी टोपी काढली. भर उन्हात माझ्या सांगण्यावरून जी निघाली नव्हती ती टोपी त्यांनी पार्किंगच्या छताखाली माकडिणीसाठी काढली.

तिसऱ्यांदा गडगडल्यावर कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर झाले. निघताना गृहस्थ आईला म्हणाले की पुढच्या वेळी मॅमनी ही खुर्ची खुशाल पहिल्या रांगेत ठेवावी, फक्त डाव्या टोकाला, ओकच्या झाडापुढे. झाडाचा बुंधा मागच्यांचा पियानो तसाही झाकतोच, त्यामुळे तिथे 32 इंचांचा प्रश्न उद्भवत नाही.

"हे तुम्ही संध्याकाळी का नाही सांगितलेत?" मी विचारले.

"तुम्ही टोपीबद्दल विचारत होतात," ते म्हणाले.

ती जागा मात्र तीनच्या आत धरावी लागते, असेही त्यांनी बजावले. आईने घरी येताच कपाटातून सांगलीहून आणलेली, आजीच्या लुगड्यांची, हाताने शिवलेली गोधडी काढली आणि खुर्चीवर ठेवली. राखणीला उघड्यावर टाकण्याबाबतचे तिचे मत मी तिला आठवून दिले, तेव्हा ती म्हणाली की राखणीला मी असणारच आहे. त्यानुसार मी त्या दिवशीची अर्धी रजा टाकली आहे आणि कारणाच्या रकान्यात "घरगुती अडचण" असे लिहिले आहे.