भोंगा जुना झाला म्हणे!

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांच्या, शाळांच्या आणि मंडळांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: भोंगे, मेगाफोन, वॉकीटॉकी हा सगळा जुना पसारा. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. सगळ्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घ्या, आणीबाणीत एक मेसेज टाका, काम फत्ते. बाकीचा खर्च म्हणजे उधळपट्टी. खाली अंगठ्यांची रांग. मी टीटीसी एमआयडीसीत, म्हणजे याच औद्योगिक पट्ट्यात, सेफ्टीचं काम बघतो, त्यामुळे गप्प बसवेना.

‘प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.’ कुठे? ज्वलनशील सॉल्व्हंट हाताळतात त्या भागात फोन न्यायलाच बंदी असते, तो गेटवर नाहीतर लॉकरमध्ये पडलेला असतो. शाळेत मुलांकडे फोन नाही आणि बाईंचा सायलेंटवर. शिवाय ग्रुपमध्ये असतं कोण? कायम कामगार आणि ऑफिसची मंडळी. ठेकेदाराची बदलती माणसं, कॅन्टीनची पोरं, माल उतरवायला आलेला ट्रकवाला आणि त्याचा क्लीनर यांना कोणी ॲड करत नाही. कुठल्याही गेटवरचं रजिस्टर उघडून ग्रुपच्या यादीशी ताडून बघा. न जुळणारी नावं बरीचशी टाकी धुणाऱ्यांची आणि वेल्डिंगवाल्यांची निघतील.

‘नेटवर्क आता जात नाही.’ २६ जुलै २००५ च्या महापुराचं नाव काढलं की लोक म्हणतात, तो काळ गेला. बरं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या; मोबाइलच्या टॉवरलाही वीजच लागते. ४ ऑक्टोबर २०२१ ला तर खुद्द व्हॉट्सॲपच जगभर साधारण सहा तास बंद होतं. आणि वीज, ॲप सगळं शाबूत असलं तरी एका टॉवरला एका वेळी झेपतं तेवढंच झेपतं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधून मोठ्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी एक फोटो पाठवून बघा. तिथे तर कोणी घाबरलेलंही नसतं.

यावर सरकारी अलर्टचा दाखला येतो. २०२३ मध्ये चाचणीसाठी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, तो. सेल ब्रॉडकास्ट खरंच चांगलं तंत्र आहे: टॉवर एकदाच बोलतो, आवाक्यातले सगळे फोन ऐकतात, गर्दीने ते अडत नाही. पण तो संदेश सोडतात सरकारी यंत्रणा. तुमच्या दोन नंबरच्या शेडमध्ये व्हॉल्व्ह गळतोय हे त्यांना कसं कळणार?

‘मेसेज टाकला की लोक बाहेर पडतील.’ इथे मात्र माझं डोकं फिरतं. बाहेर म्हणजे कुठे? आग असेल तर बाहेर ठीक. शीतगृहात अमोनिया सुटला आणि असेंब्ली पॉइंट, म्हणजे सगळ्यांनी जमायची ठरलेली जागा, नेमकी वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला असली, तर ‘सगळे बाहेर या’ हा मेसेज माणसांना थेट वायूच्या तोंडी देतो. तेव्हा छतावरचा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघून वाऱ्याला आडवं निघायचं असतं, मग वारा जिकडून येतोय त्या अंगाला. कधी दारं-खिडक्या लावून आतच बसणं शहाणपणाचं ठरतं. म्हणून भोंग्याचे संकेत ठरवून ठेवायचे: सलग वाजला तर काय, तुटक वाजला तर काय, धोका टळल्याचा कोणता. हे कानाला सवयीने कळतं, वाचून नाही. धोकादायक रसायनं ठराविक मर्यादेपलीकडे साठवणाऱ्या कारखान्यांना १९८९ च्या नियमांनी दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल लावून दिलंय, ते फोटो काढून घेण्यासाठी नव्हे.

कार्यक्रमांबद्दल तो मेसेज मोघमच आहे. मैदानातल्या गर्दीचा ग्रुप नसतोच, तिथे स्टेजवरचा माईक हीच यंत्रणा. तो निवेदकाच्या हातातून घेऊन कार्यक्रम थांबवायचा अधिकार कोणाला, हे आधी कागदावर हवं. ऐन वेळी पाहुण्यांचं भाषण कोण तोडणार?

‘शाळेत तरी ग्रुप पुरे.’ पालकांना कळवायला ग्रुप उत्तमच, हे मान्य. पण तो उघडा ठेवला की शाळेचा मूळ निरोप ‘काय झालं?’, ‘माझा मुलगा तिसरी ब मध्ये आहे’, ‘बातमीत दाखवतायत का?’ यांच्याखाली गाडला जातो आणि अर्धे पालक गाड्या काढून गेटवर येतात. नेमकी तिथूनच बंबाला आत जायचं असतं. म्हणून मेसेज फक्त ॲडमिनला टाकता येईल अशी सेटिंग ठेवा, मजकूर आधीच लिहून ठेवा: मुलं कुठे आहेत, कोणत्या गेटवर मिळतील, कोणतं गेट मोकळं ठेवायचं, पुढचा निरोप किती वाजता. ही शेवटची ओळ सगळेच विसरतात आणि पालकांना तीच सगळ्यात जास्त थोपवते.

खर्चाबद्दल काय बोलायचं? हाताने फिरवायच्या सायरनला वीज लागत नाही, मेगाफोनला नुसते सेल लागतात, शिट्टीला तेवढंही नाही.

आणि बंबाचं काय? दोनशे जणांच्या ग्रुपवर आगीचा फोटो पडला की दोनशे जण तो बघतात आणि प्रत्येकाला वाटतं, फोन कोणीतरी केला असेलच. १०१ किंवा ११२ कोणी लावायचा आणि तो नसेल तर कोणी, ते पाळीनुसार गेटवर लिहून ठेवा. त्याखाली प्लॉट नंबर, जवळचा नाका आणि बंब कोणत्या गेटने घ्यायचा तेही. घाबरलेला माणूस आपल्या कंपनीचा पत्तासुद्धा धड सांगू शकत नाही.