दमास्कस तलवार, हजार घड्या आणि 'नॅनोटेक्नॉलॉजी'

परत तोच फॉरवर्ड फिरतोय: दमास्कस तलवारीचं पोलाद हजार वेळा घडी घालून बनायचं, आपल्या लोहारांना नॅनोटेक्नॉलॉजी येत होती, ती तलवार आजच्या पोलादापेक्षा कठीण होती, आणि कृती हरवल्यामुळे तशी तलवार आज जगात कुणालाच जमत नाही. मला या पोलादाचं भयंकर वेड आहे, म्हणूनच हे वाचून राहवत नाही.

घड्यांचं आधी. अहो, दहा घड्यांतच १०२४ थर होतात, हजार घड्या कुठून आणणार? आणि मुळात या तलवारी ज्यापासून बनायच्या ते वुट्झ हे घडीचं पोलाद नाहीच. दक्षिण भारतात, श्रीलंकेत लोखंड आणि लाकूड-पाला बंद मुशीत तापवून साधारण दीड टक्का कार्बनचा गोळा काढायचे आणि तोच ठोकून ठोकून पातं करायचे. असं पातं घासून, सौम्य अॅसिड लावून मायक्रोस्कोपखाली धरलं की थर जोडल्याच्या रेघा दिसत नाहीत, दिसतात सिमेंटाइटचे म्हणजे लोह-कार्बाइडचे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, ओळीने लागलेले, आणि डोळ्यांना दिसणारी लाटांची नक्षी म्हणजे याच ओळी. गोळा गोठताना व्हॅनेडियम या धातूसारखी द्रव्यं शेवटी गोठणाऱ्या भागात साचतात, मग पुन्हापुन्हा तापवून ठोकलं की कार्बाइड तिथेच वाढत जातं. ०.०१ टक्क्याहून कमी व्हॅनेडियमही पुरतं!

हे दाखवलं अमेरिकेतल्या जॉन व्हर्हूवन या धातुशास्त्रज्ञाने आणि आल्फ्रेड पेंड्रे या लोहाराने, तेही स्वतः तशी पाती घडवून. म्हणजे 'कुणालाच जमत नाही' हेही गेलं.

नॅनोटेक्नॉलॉजीचं अर्धं खरं आहे. २००६ साली ड्रेस्डेनच्या पीटर पॉफ्लर यांच्या टीमला सतराव्या शतकातल्या एका तलवारीच्या तुकड्यात, अॅसिडमध्ये विरघळवल्यावर, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, दिसल्या. पण एका तलवारीत सापडल्या म्हणजे लोहाराने ठरवून घातल्या असं होत नाही, आणि धार त्यांच्यामुळेच होती हेही त्यातून सिद्ध होत नाही.

'आजच्या पोलादापेक्षा कठीण' हेही सरसकट नको. कित्येक जुन्या पात्यांत कार्बाइडच्या भोवती पर्लाइट, म्हणजे पोलादाची तुलनेने मऊ रचना आहे, पाणी देऊन कडक केलेलं आजचं टूल स्टील (हत्यारांसाठीचं पोलाद) त्याहून कितीतरी कठीण असतं.

कृती हरवली हे मात्र बऱ्याच अंशी खरं, एकोणिसाव्या शतकात हे काम थांबत गेलं. व्हर्हूवन-पेंड्रे म्हणतात की एक कारण खनिजही असू शकतं: व्हॅनेडियमवालं खनिज संपलं तर लोहार बापाने शिकवलं तसंच सगळं करेल, तीच मूस, तोच घण, आणि पात्यावर नक्षी उमटणारच नाही.