व्हिएतनामी लेखकांचे ‘पोवाडे’: एका पोस्टला उत्तर

एक पोस्ट बरीच फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: व्हिएतनाम युद्धाचं खरं दुःख अमेरिकन लेखकांनी लिहिलं, व्हिएतनामी लेखकांनी विजयाचे पोवाडेच गायले, कुणी वेगळं लिहिलंच तर त्यावर बंदी आली, अपवाद म्हणावी अशी कादंबरी एकच, बाओ निन्हची ‘युद्धाचं दुःख’, आणि गनिमी काव्याने लढल्यामुळे त्यांची माणसं वाचली, तेव्हा दुःखाचा प्रश्न तसा कमीच.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो आकड्यांतच निकालात निघतो. वॉशिंग्टनच्या काळ्या भिंतीवर, म्हणजे या युद्धातल्या अमेरिकन मृतांच्या स्मारकावर, ५८ हजारांवर नावं आहेत. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये जाहीर केलेला आकडा आहे ११ लाख मृत लढवय्ये आणि २० लाखांच्या घरात मृत नागरिक. अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातले मृत त्या ११ लाखांत धरलेलेच नाहीत. गनिमी काव्यात माणसं वाचतात हे कुठून आलं, कोण जाणे. आपल्याकडे व्हिएतनामचा नेता हो ची मिन्ह याच्या समाधीवर ‘शिवाजी महाराजांचा मावळा’ असं कोरलंय सांगणारा फॉरवर्ड वर्षानुवर्षं चालतो, बहुधा त्याच्याच पोटातून. (त्या इमारतीच्या दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढीच अक्षरं आहेत.)

पोवाड्यांचा आरोप मात्र अर्धा खरा आहे, आणि तो खुद्द व्हिएतनामी लेखकानेही केला आहे. न्गुयेन मिन्ह चाऊ हा सैन्यातला, युद्धकाळात नावाजलेला लेखक. १९८७ मध्ये त्याने लेख लिहिला आणि धोरणाला चित्रं काढून देणाऱ्या साहित्याचं शोकभाषण आता वाचून टाका, असं मथळ्यातच म्हटलं. त्या ‘चित्रं काढून देणाऱ्यां’त तो स्वतःलाही धरत होता.

पण युद्ध चालू असताना लिहिलेलं सगळंच तसलं आहे का? ले मिन्ह खुएची १९७१ची ‘दूरचे तारे’ ही कथा घ्या. त्रुओंग सोनच्या, म्हणजे दक्षिणेकडे रसद नेणाऱ्या डोंगरी रस्त्यावर, टेकडीच्या पायथ्याशी एका गुहेत तीन मुली राहतात. काम असं: बॉम्ब पडून गेले की पळत जायचं, खड्डे भरायला माती किती लागेल ते मोजायचं, न फुटलेले बॉम्ब मोजायचे, गरज पडली तर फोडायचे. फोडायची रीत कथेत पायरीपायरीने येते. बॉम्बच्या बाजूला फावड्याने खणायचं, खड्ड्यात सुरुंग ठेवायचा, वात पेटवायची आणि आडोशाला धावायचं. खणताना फावडं मधेच बॉम्बच्या कवचाला घासतं आणि अंगावर काटा येईल असा आवाज होतो. कवच गरम लागलं तर लक्षण वाईट, कारण ती ऊब आतून येतेय की उन्हाची, हे कळायला मार्ग नसतो. निवेदिका फुओंग दिन्ह मरणाचा विचार करते, पण तो धूसर. डोक्यात ठळक असतं ते हे की सुरुंग उडेल ना, बॉम्ब फुटेल ना, आणि नाहीच फुटला तर दुसऱ्यांदा वात कशी लावायची? पोवाड्यात नायिकेला असला प्रश्न पडत नाही. आणि ही कथा चोरून वाचली जात नव्हती, नववीच्या पाठ्यपुस्तकात होती.

त्याच पाठ्यपुस्तकात न्गुयेन क्वांग सांगची १९६६ची ‘हस्तिदंती फणी’ होती. बाप आठ वर्षांनी तीन दिवसांच्या रजेवर घरी येतो. मुलगी त्याला बाबा म्हणायला तयार नाही, कारण फोटोतल्या बाबांच्या गालावर तो व्रण नाही. ती कबूल होते ती निघायच्या सकाळी. पुढे जंगलात तो २० मिलिमीटरच्या अमेरिकन गोळीचं रिकामं कवच ठोकून पातळ करतो, त्याची करवत बनवतो आणि हस्तिदंत कापून एकेक दाता घासत फणी करतो. फणी पोचवायच्या आधीच तो मारला जातो. विजयाची चौकट दोन्ही कथांना आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण किंमत चौकटीच्या आतच लिहिली आहे.

आता बंदी. ‘युद्धाचं दुःख’ १९९०मध्ये हनोईतच, अधिकृत लेखक संघाच्या प्रकाशनगृहातून आली. संपादकीय सावधगिरीने नाव तेवढं बदललं, ‘प्रेमाचं प्राक्तन’. १९९१मध्ये तिला लेखक संघाचाच पुरस्कार मिळाला. मग टीकेची झोड उठली, पुनर्मुद्रण वर्षानुवर्षं थांबलं. दरम्यान हनोईच्या फुटपाथवर इंग्रजी अनुवादाच्या झेरॉक्स प्रती पर्यटकांना विकल्या जात होत्या. याला सरळ बंदी म्हणणं हे आळशीपणाचं वाचन आहे. खरा फटका बसला तो झुओंग थु हुओंगला. ती स्वतः युवा पथक घेऊन आघाडीवर गेलेली. दहा वर्षं लढून थकलेल्या सैनिकाची तिची ‘निनावी कादंबरी’ व्हिएतनामी भाषेतच, पण परदेशात छापावी लागली, आणि १९९१मध्ये तिला सात महिने कैदेत ठेवलं गेलं. ही दोन उदाहरणं एकाच खात्यात टाकली की दोन्ही चुकतात.

‘एकच कादंबरी’ हा मुद्दा तर १९९१च्या त्याच पुरस्काराच्या यादीनेच खोडला जातो. त्या वर्षी पुरस्कार तीन कादंबऱ्यांना होता. त्यातली एक झुओंग हुओंगची ‘नवरे नसलेला घाट’: एका गावातल्या, वाट बघत वय उलटून गेलेल्या बायकांची. नवरा परत आलाच तरी हिशेब मिटत नाही. मूल होत नाही, आणि गाव बोट दाखवतं बायकोकडे.

न्गुयेन मिन्ह चाऊची ‘चित्र’ ही छोटी कथा मला या सगळ्यांत जास्त बोचणारी वाटते. आघाडीवर एका चित्रकाराची चित्रं एक सैनिक पाठीवर वाहून नेतो, ओढा ओलांडताना त्याला वाचवतो. चित्रकार त्याचं रेखाचित्र काढतो आणि शब्द देतो, हे तुझ्या आईकडे पोचवीन. चित्र परदेशात प्रदर्शनाला जातं, गाजतं. आईकडे पोचत नाही. काही वर्षांनी चित्रकार केस कापायला बसतो तो नेमका त्याच माणसाच्या खुर्चीत. मुलगा मेल्याची अफवा ऐकून आई रडून रडून आंधळी झालेली, तिथेच कोपऱ्यात. न्हावी ओळख दाखवत नाही, तक्रार करत नाही, नीट केस कापतो. इथे एकही गोळी सुटत नाही.

राहिला पहिला मुद्दा. अमेरिकन कादंबऱ्यांत बहुतेकदा परतणाऱ्या अमेरिकन मुलाचं दुःख असतं, आणि ते खरंच असतं. बाओ निन्हचा नायक किएन मात्र युद्ध संपल्यावर पहिल्याच कोरड्या ऋतूत मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्या तुकडीत असतो. १९६९मध्ये त्याची २७वी बटालियन ज्या रानात संपली, दहाच जण उरले, त्याच रानात. रात्री तो रशियन झील ट्रकमध्ये झोळी बांधून झोपतो. झोळीच्या खाली, ट्रकच्या हौद्यात, दिवसभर गोळा केलेली हाडं.