तितराचा फोटो पाहिजे? मग आधी स्पीकर घ्या की राव!

सोलापुरात राहता, गळ्यात एवढा मोठा कॅमेरा, आणि अजून तितराचा क्लोजअप नाही? नान्नजच्या रस्त्याला परवा माळावर काही तज्ज्ञ मंडळी भेटली, त्यांच्याकडून शिकलो तेच सांगतो.

लेन्सच्या आधी ब्लूटूथ स्पीकर घ्या. उजाडता उजाडता नर तितर बांधावर नाहीतर दगडावर चढून ओरडतोच, हा पट्टा माझा, जोडीदारीण माझी, बाकीच्यांनी निघा म्हणून. तेवढ्यात मोबाईलवरनं दुसऱ्या नराचा आवाज फुल सोडून द्या.

कपडे शक्यतो भडक.

गप्प बसून वाट बघायची कामं रिकामटेकड्यांची.

आणि एकदा वाजवून थांबू नका. तो येतोच ओ, त्याला वाटतं खरंच कुणीतरी घुसलंय, पायाला मागं काट्यासारखं टोक असतंय ते काय शोभेला नाही, भांडायच्याच तयारीनं पळत येतो, इकडं बघतो, तिकडं बघतो, समोर कुणीच नाही, परत जाऊन ओरडतो की तुम्ही परत वाजवा, आणि हे सगळं ऐन विणीत, गवतात जमिनीवरच 6 ते 8 अंडी, मादी त्यावर बसलेली, मुंगूस फिरतंय, आणि हा सकाळभर तुमच्या डबड्याशी भांडतोय! शिकारी हेच करायचे, पाळलेलं तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचं, ते ओरडलं की रानातला नर भांडायला येऊन फाशात अडकायचा. त्यांना निदान पोट होतं, तुम्हाला रील.

गाडी गवतातच घाला, चालून पाय दुखतात.

याच माळावर माळढोक गळ्याची पिशवी फुगवून, लोंबवून घुमायचा, मादीला दाखवायला. 1979 ला त्याच्यासाठी 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, कागदावर केवढं मोठं! आता तो दिसला तर बातमी होते. तितर अजून बातमी झालं नाही, म्हणून त्याच्या मागं लागलाय का?

परवाच्या त्या तज्ज्ञांना स्पीकर बंद करा म्हणालो तर उलट मलाच, "काका, माळ तुमचाय का?" नाही बाबा, माझा नाही, तुझा तर अजिबात नाही. तो स्पीकर गाडीत टाक, लांब बस, दुर्बीण लाव. आलं तर आलं पाखरू, नाही आलं तर घरी जा, पण विणीत त्याच्या दारात जाऊन खोटी भांडणं लावू नका, कळतंय का!