बेट वेगळं झालं, कर मात्र राहिला

काकांनी काल फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या मेसेजचा सारांश असा: अमेरिकेतल्या मेन राज्यात दोनशे लोकांच्या बेटाने मतदान केलं, शहराला रामराम ठोकला, स्वतःचं गाव स्थापन केलं, सगळा कारभार आपला आणि कर संपला. खाली प्रश्न, "आपण कधी शिकणार?" आठवडाभरात हे तिसऱ्यांदा आलंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बेट खरं आहे. लाँग आयलंड 1 जुलै 1993 ला पोर्टलंड शहरातून बाहेर पडलं. घरांचं फेरमूल्यांकन होऊन कर भडकले, हा राग त्यामागे होता. इथवर काका बरोबर. पण "कर संपला" हे कुठून आलं?

त्याच राज्यातलं फ्राय आयलंड बघा. सिबेगो तलावातलं हे बेट उन्हाळ्यापुरतंच भरतं. हिवाळ्यात फेरीबोट बंद, पाणी बंद, घरांना कुलपं. 2000 च्या जनगणनेत कायमचे रहिवासी किती? शून्य. म्हणजे शाळेत जाणारं पोरही शून्य. 1998 मध्ये ते स्टँडिश गावापासून वेगळं गाव झालं, पण जुन्या स्कूल डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे काही गावांनी मिळून शाळा चालवण्याच्या व्यवस्थेतून, आपल्या मर्जीने सुटायचं नाही, अशी अट राज्याच्या विधिमंडळाने घातली. डिस्ट्रिक्टच्या खर्चातला गावाचा वाटा ठरवताना मालमत्तेची किंमत मोजतात आणि तलावाकाठची घरं महाग. मग काय, एकही मूल न पाठवता शाळेचे पैसे भरणं चालूच राहिलं. बेटवाले कोर्टात गेले. 2008 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाची अट वैध ठरवली. निकाल कुणालाही वाचता येतो. मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा जरा जास्त वेळ लागतो, एवढंच.

"मतदान केलं की झालं" हीसुद्धा थाप. पोर्टलंड शहरातल्याच पीक्स आयलंड या बेटाच्या मतदारांनी 2006 मध्ये वेगळं होण्याच्या बाजूने कौल दिला. विधिमंडळाने परवानगी दिली नाही. ते आजही पोर्टलंडमध्येच आहे.

"सगळा कारभार आपला"? आहेच की! रस्ता, कचरा, आग विझवणं, हिशोब, निवडणूक, सगळं त्याच दोनशेजणांनी वाटून घ्यायचं. शेजारी कराची तक्रार घेऊन दारात आला की "वर कळवतो" म्हणायची सोय नाही. वर कुणी नाहीच, आणि उद्या सकाळी त्याच्याच बाकावर बसून फेरीने जायचंय.

जुन्या गावाच्या देण्यांची वाटणी करावी लागते, ते तर मेसेजमध्ये नाहीच.

एक मात्र कबूल करतो, नाइलाजाने. मेनमधल्याच शबीग आयलंडवर शाळेचे वर्ग कमी करण्याचा विषय निघाला, तेव्हा लोक पेटून उठले आणि 1 जुलै 2007 ला ते कंबरलंड गावापासून वेगळं गाव झालं. शाळा हातात राहावी म्हणून त्यांनी एवढा व्याप अंगावर घेतला. काका, तुमच्या मेसेजमध्ये ही गोष्ट असती तर मीच पुढे पाठवली असती.