तेल्चला जमलं ते पन्हाळ्याला का जड जातंय

जुलै 2025 मध्ये आपले बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले, त्यात आमचा पन्हाळाही, आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज पडतात. एक अभिमानाचे, ते ठीकच आहे. दुसरे म्हणजे 'युरोपात बघा लोक कसं जपतात, आपल्याकडं अक्कलच नाही' असले, आणि त्याखाली मला हमखास टॅग, कारण मी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात असतो, म्हणजे मीच युरोपचा वकील. वर पन्हाळ्यावरच्या लोकांना शिव्या, कारण त्यांनी यादीत जायच्या आधी विरोध केला होता, उद्या घर दुरुस्त करायला पण परवानगी मागावी लागेल म्हणून. मला ती भीती अजिबात खुळ्यासारखी वाटत नाही.

इथं ब्रनोहून पश्चिमेला तेल्च नावाचं गाव आहे, वस्ती जेमतेम पाच-साडेपाच हजार, प्राग आणि व्हिएन्नाच्या साधारण मधोमध. 1992 ला प्राग आणि चेस्की क्रुमलोवबरोबर हेही युनेस्कोच्या यादीत गेलं. मधे लांबलचक चौक, दोन्ही बाजूला एकाला एक चिकटलेली रंगीत घरं, कुणाचा माथा पायऱ्यांचा तर कुणाचा गोलाकार, आणि सगळ्यांच्या खालून कमानींचा वऱ्हांडा, पाऊस आला तरी न भिजता अख्खी बाजू फिरता येते. आधी इथं लाकडी घरं होती, चौदाव्या शतकाच्या शेवटी आग लागली आणि मग दगडात बांधलं. आजचं देखणं रूप सोळाव्या शतकातलं, झाकारियाश नावाच्या सरदारानं दिलेलं. गडी इटलीत जाऊन आला, तिथलं बघून डोळे दिपले आणि येताना नाही तर नंतर का होईना तिकडचे कारागीर बोलावले, जुना गॉथिक वाडा पाडून-जोडून राजवाडा केला, मग चौकातल्या घरमालकांनीही त्याचं बघून घरं नटवली. तो आणि त्याची बायको कातेरिना दोघंही त्याच राजवाड्यातल्या चॅपलमध्ये पुरलेत. गावाभोवती तळी आहेत, ती निसर्गाची नाहीत, संरक्षणासाठी माणसांनी केलेली.

आता 'जपलं' म्हणजे काय ते बघा. गाव टिकलं त्यात मोठा वाटा तळ्यांचा आणि गरिबीचा आहे, पाणी आडवं म्हणून गाव फुगलं नाही आणि मोठे कारखाने आलेच नाहीत, जुनं पाडून नवं बांधायला पैसा कुणाकडं होता? राजवाडा 1945 पर्यंत एका जर्मनभाषक सरदार घराण्याचा होता, युद्धानंतर सरकारनं जप्त केला, तो आजही सरकारचाच आहे, म्हणजे ही गोष्ट काही फार गोड नाही. आणि याच देशात उत्तरेला मोस्ट नावाचं जुनं शहर खालच्या कोळशासाठी जवळजवळ अख्खं पाडलं, एक मोठं चर्च वाचवलं, तेही 1975 मध्ये रुळांवर ठेवून 841 मीटर सरकवून. तेव्हा 'तिकडच्या लोकांना अक्कल असते' हे माझ्यासमोर बोलू नका. आपल्या उजनी धरणात पळसदेवचं मंदिर बुडालं, यांनी गावच खणून काढलं.

मग फरक कुठं आहे? माझ्या मते पैशात, म्हणजे नियमाबरोबर पैसा येतो त्यात. इथं जुन्या शहरांसाठी 1992 पासून एक सरकारी योजना आहे, डागडुजीच्या खर्चात सरकारचा वाटा, गावाचा वाटा आणि मालकाचा वाटा. मालकाला खिडकी मनासारखी बदलता येत नाही, कटकट आहेच, पण एकट्याच्या खिशाला कात्री नाही. तेल्चमध्ये जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्यांच्या जुन्या कॉलेजमध्ये ब्रनोच्या मासारिक विद्यापीठाचं केंद्र आहे, आणि गावात एक वाऱ्याचा बोगदासुद्धा आहे जिथं वारा-पावसाचा इमारतींवर काय परिणाम होतो ते तपासतात. थोडक्यात युनेस्कोच्या बोर्डाखाली पगार मिळणारी कामं आहेत. तरी हिवाळ्यात चौक ओस पडतो, पोरं ब्रनो-यिहलावासारख्या मोठ्या शहरांत पळतात, आणि त्या सुंदर चौकात गाड्या पार्क केलेल्या असतात, हे फोटोत कुणी दाखवत नाही.

पन्हाळ्याची वस्ती तीन हजारांच्या आसपास, तीन दरवाजा आणि अंबरखाना यांच्या मधेच शाळा, नगरपालिका, हॉटेलं, माणसं. पुरातत्त्व खात्याचा नियम आहेच, संरक्षित वास्तूपासून 100 मीटर बांधकामाला बंदी, पुढचे 200 मीटर परवानगीनं. मग घराचं छप्पर गळलं तर तिथल्या माणसानं कुणाकडं जायचं आणि ते जुन्या पद्धतीनं करायला जास्तीचे पैसे कोण देणार? हे ग्रुपवर लिहिलं तर आमचे एक काका म्हणाले, तू तिकडं बसून काय शिकवतोस. बरोबर आहे त्यांचं, पण ते तरी कुठं पन्हाळ्यावर राहतात, रविवारी भेळ आणि झुणका-भाकर खायला जातात. तीन वाटण्यांचा असा हिशेब आधी पन्हाळ्याच्या नगरपालिकेत मांडा, लोकांसमोर, आणि मग विचारा विरोध आहे का.