‘कोड उघडा म्हणजे घर उघडं’: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

सेवा केंद्र चालकांच्या, बचत गटांच्या, ट्यूशनच्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर वारंवार फिरतो. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच असतं: ‘ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरू नका. त्याचा कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून हॅकरला ते सोपं जातं. फुकट असल्यामुळे त्याला कुणी जबाबदार नसतं. बाहेरून आलेली एपीके म्हणजे ओपन सोर्स आणि ओपन सोर्स म्हणजे व्हायरस. मोठ्या कंपनीचं, प्ले स्टोअरवरचं ॲप डोळे झाकून घ्या. व्हॉट्सॲप एनक्रिप्टेड आहे, आधार-पासबुक बिनधास्त पाठवा. आणि आपल्यासारख्या साध्या माणसाकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?’

यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच हा मजकूर टिकून आहे. एकेक दावा घेऊ.

‘कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे चोराला घराचा नकाशा मिळाला’

कुलूप कसं बनतं हे माहीत असणं वेगळं आणि किल्ली हातात असणं वेगळं. ऑगस्ट केरकॉफ्स यांनी 1883 मध्ये लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित असावं ते फक्त किल्लीत. आजचं एनक्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर सांकेतिक करणं, याच पायावर उभं आहे. तुमच्या बँकेची साईट उघडताना होणारी सांकेतिक देवाणघेवाण जगजाहीर मानकाप्रमाणे चालते, कुणीही वाचावी. फॉरवर्डमध्ये ज्याचं कौतुक आहे त्या व्हॉट्सॲपचं एनक्रिप्शनसुद्धा सिग्नल प्रोटोकॉल या नियमावलीवर चालतं, आणि ती नियमावली उघडी आहे.

मोंढ्यात सोयाबीनचं माप होताना आपण काय बघतो? रिकाम्या काट्यावर शून्य आहे का, आकडा आपल्याला दिसतोय का, वैधमापनचा शिक्का आहे का. काट्यावर पोतं टाकून तो झाकला तर ‘आता हा जास्त भरवशाचा’ असं कुणी म्हणत नाही.

शिवाय कोड झाकला म्हणून भोकं झाकली जात नाहीत. विंडोजचा कोड बंदच आहे. तरी त्यातलं एक भोक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर यंत्रणेला ठाऊक होतं आणि त्यावर बनवलेलं तिचं हत्यार 2017 च्या एप्रिलमध्ये फुटून बाहेर आलं. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्या मशिनी 12 मेपासून ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम त्यात ठप्प झालं.

पण उघडा कोड म्हणजे तपासलेला कोड, असंही नाही. ओपन सोर्सचे काही कैवारी ही बाजू गिळून टाकतात, ते बरोबर नाही. ओपनएसएसएल या उघड्या लायब्ररीतली (वेबसाईटच्या एनक्रिप्शनसाठी इतर सॉफ्टवेअर वापरतात त्या तयार कोडमधली) ‘हार्टब्लीड’ ही चूक 2012 मध्ये शिरली आणि 2014 च्या एप्रिलमध्ये उघड झाली. समोरच्यानं ‘माझा निरोप इतका लांब आहे’ म्हटलं की सर्व्हर ती लांबी न तपासता तेवढी मेमरी परत द्यायचा, एका वेळी 64 किलोबाइटपर्यंत. त्यात पासवर्डही येत, कधी किल्ल्याही. दोन वर्षं कोड सगळ्यांसमोर होता. अर्धं जग ज्या लायब्ररीवर चालत होतं, तिची देखभाल मात्र मोजकीच माणसं करत होती.

दुसरं उदाहरण 2024 चं. एक्सझेड नावाचं फाईल दाबण्याचं छोटं साधन आहे. ‘जिया टॅन’ नावानं वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानदारीनं काम करून देखभालीचे अधिकार मिळवले आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट बसवली. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टचे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियन या लिनक्स प्रणालीच्या अस्थिर, म्हणजे अजून चाचणीतल्या, आवृत्तीवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यांनी माग काढला आणि 29 मार्चला सगळं जाहीर केलं. बहुतेकांच्या स्थिर आवृत्त्यांत ती चोरवाट पोचायच्या आत पकडली गेली. यात नशीब होतं, हे मान्य. पण संशय आल्यावर परक्या माणसाला तळापर्यंत जाता आलं, कारण कोड त्याच्यासमोर होता. आणखी एक बारकावा: चोरवाट चालू करणारा तुकडा जाहीर कोडच्या साठ्यात नव्हता, डाउनलोडसाठी ठेवलेल्या तयार गठ्ठ्यात होता. म्हणून ‘कोड उघडा आहे’ एवढ्यावर थांबू नका. मिळणारी फाईल त्याच कोडपासून बनली आहे का, हा पुढचा प्रश्न विचारा. एफ-ड्रॉइडसारखं अँड्रॉइडच्या ओपन सोर्स ॲप्सचं भांडार ती ॲप्स स्वतः मूळ कोडपासून बांधतं, ते याचसाठी.

‘फुकट आहे, म्हणजे कुणी जबाबदार नाही’

विकतच्या सॉफ्टवेअरच्या अटी एकदा वाचा. नुकसानभरपाईची जबाबदारी तिथंही जेमतेम ठेवलेली असते. पैसा कुठून येतो हे विचारणं मात्र रास्त आहे. ऑफिसची कामं करणाऱ्या लिबरऑफिसमागे द डॉक्युमेंट फाउंडेशन ही देणग्यांवर चालणारी संस्था आहे, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमागे फ्रान्समधली व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था आहे, तर फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलला ठरलेलं सर्च इंजिन ठेवण्याच्या करारातून येतं. तिन्हींचे कोड उघडे, पण पैशाची वाट वेगळी. हे माहीत असलं की कुणावर किती विसंबायचं ते ठरवता येतं.

खरा धोका त्या फुकटात आहे, ज्याबद्दल हा मजकूर अवाक्षर काढत नाही. कितीतरी दुकानांत विंडोज आणि ऑफिस ‘ॲक्टिव्हेटर’वर, म्हणजे परवान्याशिवाय ते चालू करून देणाऱ्या चोरट्या फाईलवर चालतं. तो चालवण्याआधी सूचना येते: ‘अँटिव्हायरस बंद करा.’ ज्यानं ती फाईल बनवली त्याला तुम्ही ॲडमिनचा पूर्ण ताबा देता आणि राखणदाराला स्वतःच्या हातानं घरी पाठवता. पुढे ‘ॲक्टिव्हेशन जाईल’ या भीतीनं अपडेट बंद ठेवले जातात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा संपला, तेव्हा या मशिनी आणखी उघड्या पडल्या.

अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते. रॅम 4 जीबी असावी आणि डिस्कवर निदान 20 जीबी मोकळी असावी, 100 असेल तर निवांत. पण अडचणीही ऐकून ठेवा. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांना लागणारं ‘आरडी सर्व्हिस’ हे सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळतं, म्हणून केवायसीच्या मशीनवर मिंट चालणार नाही. तिथं रीतसर परवान्याचं, अपडेट होणारं विंडोजच लागेल. टायपिंग, प्रिंट, स्कॅन आणि फॉर्म भरण्याच्या दुसऱ्या मशीनला मिंट पुरतं. जुन्या फाईली लिबरऑफिसमध्ये उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, त्याचा दोष लिबरऑफिसवर टाकला जातो. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवतात. फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला की प्रश्न संपतो. एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, मात्र खरोखर अडतात, ते आधी तपासून घ्या.

‘बाहेरची एपीके म्हणजे ओपन सोर्स, प्ले स्टोअरवरचं डोळे झाकून घ्या’

इथं दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. एपीके हा अँड्रॉइड फोनवर ॲप बसवण्याच्या फाईलचा प्रकार आहे. तिचा कोड उघडा की बंद, हे त्यावरून कळत नाही. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाईलींचा कोड कुणी जाहीर केलेला नसतो. ते बंद सॉफ्टवेअरच आहे, फक्त चोराचं.

त्या फाईलीचं काम कसं चालतं ते बघा. फाईल दाबली की फोन विचारतो, ‘व्हॉट्सॲपमधून अनोळखी ॲप बसवू द्यायचं का?’ हो म्हटलं की ॲप बसतं, एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, पुष्कळदा ॲक्सेसिबिलिटीचीही. पहिलीमुळे ओटीपी परस्पर चोराकडे जातो. दुसरीमुळे त्याला तुमचा पडदा वाचता येतो, तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. मग चिन्ह गायब होतं आणि ‘ॲप उघडलंच नाही’ म्हणून माणूस विसरून जातो. अनुदानाच्या किंवा लाभार्थ्यांच्या यादीत नाव बघायला असल्या फाईलची गरज नसते.

आजच एक करा: सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथं स्पेशल ॲक्सेस, त्यात ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’, आणि व्हॉट्सॲपसमोरचं बटण बंद. फोनच्या कंपनीप्रमाणे वाट थोडी इकडे-तिकडे असेल, सेटिंग्जच्या शोधात ‘अननोन’ टाकलं की सापडतं.

फाईल बसलीच असेल तर आधी विमान मोड. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार द्या. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार गेली तरच ते अडवण्याची संधी असते, म्हणून ‘उद्या बघू’ नको. अनइन्स्टॉलचं बटण पुसट दिसत असेल तर ॲपनं डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार घेतलेला असतो. सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये तो काढा, मग ॲप काढा. शेवटी कामापुरते फोटो आणि नंबर बाजूला घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा.

आता प्ले स्टोअर. बाहेरच्या फाईलपेक्षा ते नक्कीच बरं, पण डोळे झाकण्याइतकं नाही. सप्टेंबर 2022 ते ऑगस्ट 2023 या काळात गूगलनं 2,200 हून अधिक कर्जाची ॲप्स तिथून काढली, असं केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं. काढली, म्हणजे तोवर ती तिथं होती. फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागायचे, आणि हप्ता थकला की नातेवाइकांना फोन करून बदनामी करायची, असा यातल्या कितीतरी ॲप्सचा धंदा होता. परवानग्यांची यादी वाचायला अर्धा मिनिट लागतो. कर्जाच्या ॲपला तुमच्या मेहुण्याचा नंबर कशाला हवा, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

संगणकावर सॉफ्टवेअर घेताना ते बनवणाऱ्याच्याच साईटवरून घ्या आणि फाईलचा हॅश जुळवा. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. शा-256 पद्धतीत तो 64 अक्षरांचा असतो, फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी पूर्ण बदलतो. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर फाईलवर उजवं क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’मधून तो काढता येतो. साईटवर दिलेल्याशी जुळला नाही तर फाईल पुसून टाका. बहुतेक वेळा डाउनलोड अर्धवट झालेलं असतं, पण ते गृहीत धरू नका.

‘व्हॉट्सॲप एनक्रिप्टेड आहे, कागदपत्रं बिनधास्त पाठवा’

वाटेत कुणी वाचत नाही, हे खरं आहे. पण कागद कधीतरी मुक्कामाला पोचतो.

अतिवृष्टीच्या अनुदानासाठी व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक), आधार आणि पासबुकाचे फोटो केंद्राच्या नंबरवर पाठवले जातात. ते चालकाच्या गॅलरीत पडतात, तिथून त्याच्या क्लाउड बॅकअपमध्ये जातात. दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब कायम उघडं असतं. त्याचं डाउनलोड्स फोल्डर उघडून बघा: ‘व्हॉट्सॲप इमेज’ आणि पुढे तारीख, अशा नावाच्या शेकडो फाईली. या गावचं आधार, त्या तांड्यावरचं पासबुक, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र, कुणाच्या सह्या. प्रिंट काढायला आलेला कुणीही पेन ड्राइव्ह लावू शकतो. एनक्रिप्शनचा या फोल्डरशी काही संबंध उरलेला नसतो.

चालकांनी तीन कामं करावीत. व्हॉट्सॲपच्या चॅट्सच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करावी. संध्याकाळी दुकान मिटण्याआधी डाउनलोड्स आणि रीसायकल बिन दोन्ही रिकामे करावेत. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी मशीन दिसलं तर लगेच लॉगआउट करावं. पाठवणाऱ्यांनी ‘एंड-टू-एंड एनक्रिप्टेड बॅकअप’ चालू करावा. ही सोय 2021 पासून आहे, पण आपण होऊन चालू करावी लागते. तिचा पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली हरवली तर कंपनीसुद्धा बॅकअप उघडून देऊ शकत नाही. वहीत लिहून कपाटात ठेवा.

आणि मजकूर झाकला तरी कुणाशी, कधी, किती वेळा बोललात ही नोंद वेगळी असते. 2016 मध्ये अमेरिकेत एका तपासात सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे वापरकर्त्यांची माहिती मागितली गेल्याचं समोर आलं. देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं. बाकी काही साठवलंच नव्हतं. याउलट फेसबुकवरून केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराच्या सल्लागार कंपनीकडे 8.7 कोटींपर्यंत लोकांची माहिती गेल्याचं 2018 मध्ये पुढे आलं, 2019 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं फेसबुकला 5 अब्ज डॉलरचा दंड केला. फेसबुक लहान होतं म्हणून हे घडलं नाही. जे गोळाच केलेलं नाही, ते कुणाच्या हाती लागत नाही.

‘साध्या माणसाकडे लपवण्यासारखं काय?’

लपवणं आणि राखणं एक नव्हे. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं एकमतानं खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, तेव्हा श्रीमंतांसाठी वेगळी ओळ लिहिली नव्हती. उलट ज्याच्या खात्यात अनुदानाचे सहा हजार येतात, त्याचे ते गेले तर पेरणी अडते.

म्हणून आधार देताना मास्क्ड प्रत चालते का ते आधी विचारा. आधारच्या ‘मायआधार’ साईटवर ओटीपीनं आत जाऊन डाउनलोड करताना तो पर्याय निवडता येतो. पहिले आठ अंक झाकलेले येतात, शेवटचे चार दिसतात. फाईलचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि पुढे जन्मवर्ष. तिथंच बायोमेट्रिक लॉकही आहे. ते चालू केलं की तुमच्या ठशाची नक्कल करून आधारवर पैसे काढता येत नाहीत. मात्र तुमचा स्वतःचा अंगठाही मग चालत नाही. रेशनला, बँकमित्राकडे किंवा केवायसीला जाताना मोबाईल आणि त्यातलं आधारला जोडलेलं सिम सोबत ठेवा, तिथं उभं राहून लॉक काही मिनिटांपुरतं उघडा. घरात म्हातारी माणसं एकटीच रेशनला जात असतील तर हे आधी ठरवा, नाहीतर मशीन अंगठा नाकारत राहील आणि ती दिवसभर रांगेत ताटकळतील.